पहिली मूठ गिरणीची

मला निवांत बसता येत नाही. हा माझा दोष आहे असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसायच्या जागांना तोटा नाही. हॉलमध्ये सोफा आहे, गॅलरीत झोपाळा आहे, खाली बागेत सिमेंटचे बाक आहेत आणि त्या बाकांवर सावली पडावी म्हणून लावलेली झाडं आहेत. मी मात्र उभी. सकाळी ओटा पुसते आणि थोड्या वेळानं पुसलेलाच ओटा परत पुसते. डब्यांची झाकणं उघडून आत बघते आणि लावते. लिफ्टनं खाली जाते, गेटपर्यंत जाऊन येते, आणि वर आले की वाटतं खाली काहीतरी राहिलं. काय राहिलं ते कळत नाही.

"अम्मी, बसा ना जरा," सून म्हणते. मुलगी गोड आहे, पण दिवसभरात इतक्यांदा बसा म्हणते की मला मी तिच्या घरी आलेली पाहुणी वाटायला लागते.

आमच्या ह्यांना मात्र बसणं जमलं. नुसतं जमलं नाही, त्यात त्यांनी नाव काढलं. सकाळी चालायला जाणाऱ्यांचा एक कंपू आहे, त्यात ते शिरले. दुपारी क्लबहाउसात कॅरम. संध्याकाळी बाकावर नागपूरकडचे एक रिटायर्ड पोस्टमास्तर आणि कर्नाटकातले एक आजोबा यांच्याबरोबर तिघांच्या तीन तऱ्हांच्या बोलीत जगाची चर्चा. जन्मभर ज्या माणसानं दोन वाक्यांवर तिसरं बोलायचे कष्ट घेतले नाहीत, तो आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला "काय, कुठल्या कंपनीत?" विचारतो. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "आता कुटं जगाया लागलोय बघ."

ते वाक्य माझ्या डोक्यातच गेलं. "आता कुठं म्हणजे? मग इतके दिवस काय करत होतो आपण?"

"दळत हुतो," ते म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवलं.

खोटं नव्हतं ते. पौडच्या बाजारात आमची पिठाची गिरणी. सासऱ्यांनी टाकली, पुढं ह्यांनी चालवली, आणि मी लग्न होऊन आले तशी तिच्यात शिरले ती शिरलेच. मोटर, पट्टा, दगड ही त्यांची खाती. दगड गुळगुळीत झाले की स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे आणि टाकी मारायचे, म्हणजे दगडाला परत धार यायची. गिऱ्हाईक माझ्याकडे. कुणाला भाकरीचं मऊ लागतं, कुणाला लाडवाला रवाळ, कुणाची सासू पीठ चिमटीत धरून नावं ठेवणार, हे सगळं माझ्या डोक्यात. डब्यावर नाव घालायची पद्धतच आमच्याकडे नव्हती. डबा बघितला की माणूस कळायचा. एक पोचे पडलेला, एक तेलाचा डबा कापून केलेला, एक झाकण हरवल्यामुळं वर ताटली ठेवलेला. कासार आंबोलीच्या बंगल्यांत शनिवार-रविवार राहायला येणाऱ्या बाया काचेच्या बरण्या घेऊन यायच्या आणि ओट्स दळून मागायच्या. मी दळून द्यायचे, पण ह्याचं करता काय ते विचारल्याशिवाय सोडायचे नाही.

मग ह्यांना खोकला लागला. पावसाळी असेल म्हणून काढा झाला, आलं-मध झालं. पिरंगुटच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं, इतक्या वर्षांचं पीठ आत बसलंय, आता धुळीपासून लांब राहा. मुलगा हिंजवडीत नोकरी करतो. त्यानं त्याच दिवशी ठरवलं आणि ठरवलं तसं केलं. शटर पडलं, आम्ही दोघं जांब्याला आलो. ह्यांच्या छातीसाठी यायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पहिल्या हिवाळ्यातच खोकला निम्म्यावर आला. माझ्या छातीला मात्र काही झालं नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही तेव्हा बोलले नाही. नवरा खोकत असताना बायकोनं "आणि माझं काय?" असं विचारायचं नसतं, असं आम्ही शिकलोय.

तरी शटर नुसतं बंद होतं तोवर माझं बरं चाललं होतं. मनात कुठंतरी धुगधुगी होती. यंदाच्या पावसाळ्यात मुलानं फोनवर बोलता बोलता सांगितलं की एक मोबाइलवाला जागा भाड्यानं मागतोय, दसरा झाला की येईल. त्याआधी मोटर काढायची, दगड उचलायचे, भिंतींना रंग द्यायचा. "जुनं मशीन भंगारवाला घेऊन जाईल, अम्मी. तुला काही बघायला नको." रद्दी घालायची असल्यासारखं बोलला. मी हो म्हटलं. त्या दिवशी ओटा पुसून पुसून माझा हात दुखला.

मुलाला माझी घालमेल दिसत नव्हती असं नाही. तो जीव लावणारा आहे. एका रविवारी त्यानं सगळ्यांना गाडीत घालून लवासाला नेलं. तळं, त्याच्या काठानं रस्ता, रंगीत इमारती. ह्यांनी नातीला उभं करून फोटो काढले. मी आपली खिडक्या बघत होते. कितीतरी खिडक्यांच्या मागं कुणीच राहत नव्हतं. घर बांधून तयार, समोर तळं, आणि आत कुणी फोडणी टाकत नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. मला उगाचच भडभडून आलं. "दादी, काय झालं?" नातीनं विचारलं. डोळ्यांत वारा गेला म्हणून सांगितलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी क्लबहाउसात व्याख्यान झालं. विषय होता चांगलं जगावं कसं. मी मनाशी म्हटलं, चला, आता हेही शिकवायला माणसं यायला लागली. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज गोड. मी जांभया द्यायच्या तयारीनं बसले होते, पण त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली की मी ताठ झाले. त्या म्हणाल्या, परदेशात फार जुन्या काळी असा एक विचार झाला की सुख ही मिळवून ठेवायची वस्तू नाही. झाड त्याच्या परीनं बहरतं, तसं माणसानं आपल्या अंगात जे आहे त्यानं बहरायचं असतं. आणि बहरणं म्हणजे करणं. आज केलं आणि उद्या बसले असं त्यात चालत नाही. जोवर करता, तोवर बहरता.

मग त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, आपण आपल्या सर्वांत चांगल्या रूपात असतो ती वेळ आठवा.

मला शोधावं लागलं नाही. डोळे मिटले की माझा हात दिसला. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी नळीखाली पीठ पडतंय आणि मी ते दोन बोटांत चोळून बघतेय. कोमट असेल तर बरं, चटका बसला तर दगड फार जवळ आलेत, पीठ जळेल, भाकरी थापताना चिरेल. त्या दोन बोटांवर पौडातल्या निम्म्या घरांच्या भाकऱ्या अवलंबून होत्या आणि ते मला माहीत होतं. एवढंच दिसलं. पण त्या क्षणी माझे पाय हलायचे थांबले होते.

बाईंनी एकेकाला सांगायला लावलं. आमचे हे म्हणाले, "कॅरम." सगळे हसले, टाळ्या पण पडल्या. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी पीठ चाचपतेय."

"वा! म्हणजे तुम्हाला स्वयंपाकाची आवड."

"नाही हो. स्वयंपाकाचा मला कंटाळाच आहे."

पुन्हा हसू झालं. वेळ कमी होता, बाई पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यांची काही चूक नाही. पण मी घरी येईपर्यंत धुमसत होते, आणि लिफ्टचं दार मिटल्याबरोबर ह्यांच्यावर उखडले. "तुम्ही बहरलाय. मी वाळतेय. दिसत नाही तुम्हाला?"

लिफ्टचे आकडे बदलताना बघत ते म्हणाले, "मग काय करू? परत जाऊन खोकत बसू?"

त्यांचं जगणं इथं लागलं होतं, माझं तिथं राहिलं होतं, आणि दोघांनी मिळून एकच संसार केला होता. कुणाचं तरी पारडं हलकं पडणारच होतं. आजवर ते माझंच पडलं होतं आणि त्याबद्दल कुणी वाईट नव्हतं. वाईट कुणीच नसलं की भांडायचं तरी कुणाशी?

बहुतेक ह्यांनीच मुलाच्या कानावर घातलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात घरात घरघंटी आली. पांढरी शुभ्र, दारावर गुलाबाचं चित्र. "घे अम्मी, आता दळ हवं तेवढं," मुलगा म्हणाला. तो इतका खूश होता की मला तोंड वाकडं करवेना. त्या पेटीत दगड नाहीत, आत पाती फिरतात. जाडबारीक हवं असेल तर जाळी बदलायची. दार बंद केल्याशिवाय ती सुरूच होत नाही, म्हणजे पीठ पडताना हात घालायची सोय नाही. गिरणी बोलते, ही गुणगुणते. तरी काही दिवस माझं मन रमलं. वरच्या मजल्यावरची साताऱ्याकडची एक बाई गहू घेऊन आली, मग तिची मैत्रीण आली, मग पोस्टमास्तरांच्या बायको आल्या. डबे दारात यायला लागले. ह्यांनी विजयी चेहऱ्यानं सुनेकडे बघितलं, म्हणजे बघ, झाला की नाही इलाज.

आणि मग मी ती चूक केली.

पोस्टमास्तरांच्या बायकोनं वरई आणि शिंगाडे आणून दिले. सावकाश द्या म्हणाल्या. मी नुकतीच बाजरी दळून काढली होती. त्यावरच ते घातलं, दार लावलं, बटण दाबलं. पीठ डब्यात ओतताना पांढऱ्यात एक करडी झाक दिसली. बाजरी. उपासाच्या पिठात बाजरी.

मी खाली बसले. जांब्याला आल्यापासून आपण होऊन बसले ती तेव्हाच.

हे कुणाला फार वाटणार नाही, म्हणून सांगते. गिरणीत आलेल्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला शिकवलेली ही गोष्ट. मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी दुपारी गिरणी थांबवायची. दगड उघडून ब्रशनं झाडायचे, पेटी पुसायची, कापडी नळी बदलून धुतलेली लावायची. मग आपल्या घरची मूठभर वरई टाकून गिरणी फिरवायची, म्हणजे खाचांत अडकलेलं धान्य तिच्याबरोबर निघून जातं. ती मूठ पाखरांना. त्यानंतर मग लोकांचे उपासाचे डबे, आणि ते संपेपर्यंत गव्हाचा दाणा ओट्यावर चढत नाही, कितीही ओळखीचा माणूस असो. "पहिली मूठ गिरणीची," सासूबाई म्हणायच्या. "आपला रोजा कुणी बाटवला तर आपल्याला कसं वाटंल? तसंच त्यांचं. त्यांनी डोळं झाकून डबा ठिवला, मग आपण डोळं उघडं ठिवायचं." उपासाचं दळण मुसलमानाच्या गिरणीतून न्यायला पौडात कुणी कधी कचरलं नाही, ते ह्या मुठीमुळं.

डबा घेऊन मी तशीच पोस्टमास्तरांकडे गेले आणि सांगून टाकलं. त्यांच्या बायको हसल्या. "अहो, एवढं काय त्यात? आम्ही एरवी पाकिटातलं आणतो, त्यात काय काय असतं कुणाला माहीत. चालतं हो." मनाच्या मोठ्या आहेत. त्यांनी मला चहा पाजला. आणि त्या चहाबरोबर मला कळलं की इथं मी बरोबर असण्यानं किंवा चुकण्यानं कुणाचं काही अडत नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन विचार करत राहिले की मी हे विसरलेच कशी. पौडात विसरणं शक्य नव्हतं. एकादशीच्या आदल्या दिवशी तिथं गहू घेऊन कुणी येतच नाही. डब्यांची रांगच सांगते आज काय आहे ते. कुणी विचारतं, "साफ केली का गं?" कुणी म्हणतं, "थांबते, पहिली मूठ हुंदे." मी समजत होते माझं शहाणपण माझ्या डोक्यात आहे, आणि डोकं घेऊन मी जांब्याला आलेय. ते सगळं डोक्यात नव्हतंच. बरंचसं त्या ओट्यावर होतं, त्या बायांच्या तोंडात होतं. जमिनीतून उपटलेल्या रोपाला नुसतं पाणी घालून ते धरत नाही. व्याख्यानाच्या बाई बहरण्याबद्दल बोलल्या, पण कुठं लावायचं ते सांगायचं राहून गेलं.

पितृपक्ष लागला तशी मी सकाळी नाश्त्याला सांगितलं, "मी पौडला जातेय. गिरणी चालू करतेय."

मुलानं चमचा खाली ठेवला. "अम्मी, अब्बांची तब्येत..."

"अब्बांना कोण नेतंय? मी जातेय."

"एकटी? आणि मोबाइलवाल्याला काय सांगू?"

"दसऱ्याला येतोय ना तो? तोवर जागा माझीच आहे."

"आयुष्यभर दळलंस गं. आता जग की जरा."

मला त्याला फाडकन काहीतरी बोलायचं होतं, पण त्याचे डोळे खरंच भरले होते. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हे मान खाली घालून पोहे खात होते. मी निघाले तेव्हा गॅलरीत उभे होते. हात हलवला नाही त्यांनी, नुसते उभे.

माण गावावरून घोटावडे, तिथून पौड, अशी पोचले. शटर उचलताना गंजलेला आवाज असा झाला की समोरचा मेडिकलवाला बाहेर आला. आत कबुतरांनी घर केलेलं. कोळिष्टकं झाडली, फरशी धुतली. शेजारच्या वायरमननं मोटर बघून दिली आणि कडक झालेला पट्टा बदलून नवा चढवला. मोटर सुरू झाली तेव्हा पायाखालची फरशी थरथरली आणि तो थरथराट माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. मला हसू आलं, रडू पण आलं. वायरमन म्हणाला, "भाभी, करंट बसला का काय?"

मग मी जांब्याच्या घरून आणलेली मूठभर वरई टाकली, पहिली मूठ म्हणून. पीठ पडलं, बोटांत चोळलं, आणि थांबले. कचकच लागली. दगडाची बारीक कच. जुन्या, गुळगुळीत दगडातून ती येत नाही. ती येते फक्त नव्यानं टाकी मारलेल्या दगडातून, पहिल्या दळणाला. मी गिरणी बंद करून दगड उघडून घेतले. खाचा ताज्या होत्या, धारदार, एकसारख्या. ह्यांचाच हात. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, शटर पाडायच्या आधी, खोकत खोकत ह्या माणसानं दगडांना टाकी मारून ठेवली होती. बंद करायच्या गिरणीला टाकी कोण मारतं? आणि मारली तर मारली, मला एका शब्दानं सांगितलं नाही. त्या दगडांवर हात ठेवून मी बराच वेळ उभी राहिले. मग किडकं धान्य आणून कच निघून जाईपर्यंत दळत बसले.

दुसऱ्या दिवशी पोचे पडलेला डबा आला. त्याची मालकीण माझ्याहून वयानं मोठी, जिभेनं तर फारच मोठी. "काय गं भाभी, कुटं मेली हुतीस?"

"जांब्याला. पोराकडं."

"मग? तितं बरं न्हाई वाटलं व्हय?"

"बरं हुतं की."

"मग कशाला आलीस?" उत्तराची वाट न बघता तिनं डबा ओट्यावर आदळला. "वड्याची भरड हाय. पित्रं हायेत उद्या. जाडसर काड, मागल्या बारीला लई बारीक केलतंस." मागची बारी म्हणजे दोन पावसाळ्यांपूर्वीची. तिच्या ती ध्यानात होती.

तेव्हापासून डबे येत राहिले. माझे पाय दुखायचे, केसांत पीठ, आणि दिवस कसा गेला ते कळायचं नाही. मी सुखी होते असं लिहून मोकळी झाले असते, पण ते अर्धंच खरं ठरेल. संध्याकाळी शटर ओढलं की गिरणीमागच्या आमच्या जुन्या खोलीत मी पुन्हा उभीच. कान खोकला शोधायचे. जांब्यात असताना गिरणी ऐकू यायची, इथं आल्यावर ह्यांचा खोकला. ह्यांचा रोज फोन यायचा. चहाची गाळणी कुठं आहे, आपला तो राखाडी स्वेटर कुठल्या कपाटात आहे, असलं काहीतरी. परत ये असं एकदाही म्हणाले नाहीत. मीही या म्हटलं नाही. त्यांना इकडं बोलावणं म्हणजे त्यांच्या छातीत पीठ भरणं, आणि मी तिकडं जाणं म्हणजे पुन्हा ओटा पुसणं. चांगलं जगणं एकट्याचं असतं की दोघांचं, हे त्या व्याख्यानाच्या बाईंना विचारायला हवं होतं.

सर्वपित्री अमावास्या आली. दुसऱ्या दिवशी घट बसणार. सकाळी घाईघाईनं राहिलेल्यांची भरड काढली आणि दुपारी गिरणी थांबवली. दगड झाडले, पेटी पुसली, धुतलेली नळी बांधली. ओट्यासमोर बाया थांबल्याच होत्या. वरई, शिंगाडा, राजगिरा, साबुदाणा, ज्याची त्याची भाजणी. पोचे पडलेल्या डब्याची मालकीण कंबरेवर हात ठेवून माझ्यावर देखरेख करत होती. मी पहिली मूठ टाकली, पीठ बाहेरच्या पाखरांना घातलं, आणि पहिला डबा उचलला.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे रिक्षा थांबली आणि हे उतरले. हातात जांब्याच्या घरचा स्टीलचा डबा. चालत आले, बायांच्या मागं रांगेत उभे राहिले. गल्ल्याकडे आले नाहीत, आत आले नाहीत. रांग पुढं सरकली तसे सरकले, आणि त्यांची पाळी आली तेव्हा डबा माझ्यापुढं ठेवून झाकण उघडलं.

गहू.

रांगेतलीच एक बाई म्हणाली, "आवो मालक, इसरला का काय? उद्या घट बसत्यात. आज गहू कुटं दळत्यात हितं?"

"इसरतोय कशाला," हे म्हणाले. जन्म गेला त्यांचा ह्याच ओट्यामागं. "उपासाचं समदं हुंद्या आधी. मग दळा. उद्या दळा, परवा दळा. मला काय घाई न्हाई."

"घरघंटी बिघडली का?" मी विचारलं.

"बरी हाय ती."

त्यांनी आतला बाक उचलला, पार रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला, जिथं धूळ पोचत नाही. नाकाला रुमाल बांधला आणि बसले. त्यांना बसता येतंच. मी डबे घेत होते, देत होते, पण डोळा तिकडंच. मध्ये पाणी द्यायला गेले तेव्हा हळूच विचारलं, "मोबाइलवाल्याचं काय झालं?"

"पोरगं म्हणालं, अब्बा, तुमीच सांगा त्याला. सांगितलं मग."

"काय सांगितलं?"

"गिरणी चालू हाय म्हणून."

मी आत आले आणि त्यांचा गव्हाचा डबा ओट्यावरून उचलून खाली, सगळ्या डब्यांच्या शेवटी ठेवला. पोचे पडलेल्या डब्याची मालकीण म्हणाली, "घरच्या मानसाचा बी नंबरानंच व्हय?" नंबरानंच, मी म्हटलं. बाहेर त्यांना एकदा खोकला आला, मग थांबला. मी शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे पीठ रस्त्याकडं उडणार नाही, आणि पुढचा डबा घेतला.